मोरी डावीकडे

नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये
आमच्या मालकीचा असा प्रेसचा भोंगाच होता.
तो वाजला की आई तवा ठेवायची
आणि आप्पा सायकल काढायचे.
संध्याकाळी गेटवर झडती,
डबा उघडा, खिसे उलटे,
कागदाचा कपटा बाहेर येता कामा नये.
आप्पा आतून घरी आणायचे
फक्त डोळे.

त्या डोळ्यांनी माझी चित्रं तपासायचे,
भिंग लावून.
घर, झाड, पांडवलेण्यांचा डोंगर.
"इथे रेघ तुटली," म्हणायचे,
की चित्र गेलं रद्द मालात.
मी मुसमुसले की आई तिच्या अहिराणीत,
"त्यास्नी नजरच तशी शे."

आयुष्यभर कोऱ्या पासपोर्टांची पानं मोजणारा माणूस
मनमाडच्या पुढे दोनदा गेला,
दोन्ही वेळा मयताला.
"नाव नाही, फोटो नाही, कोरं पुस्तक," सांगायचे,
"कोण जाणार, कुठे जाणार,
ते नंतर दुसरं कोणीतरी भरतं."
जणू ते काम जरा हलक्या प्रतीचं.

माझं त्या दुसऱ्या कोणीतरी भरलं.

ग्लासगोत एका जुन्या गोदामात
मला एक भिंत मिळाली, बारा बाय नऊ.
तिच्यावर मी क्वार्टर काढलं.
नुसत्या रेघांनी.
पासपोर्टाच्या पानावर असतात तशा,
केसाएवढ्या, एकमेकींत शिरणाऱ्या,
हिरवट, तांबूस,
नक्कल करता येत नाही म्हणतात त्यांची.
लहरींतून हळूहळू वर आली ओट्याची कड,
फळीवरचे डालड्याचे डबे,
शिलाई मशीनचं चाक,
उंबऱ्याबाहेर आईचे ठिपके, सात ते एक.
सव्वीस दिवस. मनगटाला पट्टा.

उद्घाटनाला एक बाई बराच वेळ उभ्या होत्या.
हा कुठल्या नदीचा नकाशा, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, गोदावरी.
अगदीच खोटं नव्हतं,
नळ गेला की तिच्याच पाण्याच्या टँकरमागे
आम्ही कळश्या घेऊन धावायचो.

रात्री व्हिडिओ कॉलवर
आप्पांनी फोनच्या काचेवर भिंग धरलं.
मला दिसला एक भला मोठा डोळा.
पाणावलेला वगैरे नाही,
ड्यूटीवरचा.
भिंतभर सावकाश फिरला,
परत मागे आला, थांबला.
"मोरी डावीकडे होती."

मी वळून पाहिलं.
मोरी उजवीकडे.
खिडकीही उलट्या बाजूला, मशीनही,
दारसुद्धा शेजारच्या खैरनारांच्या भिंतीत उघडत होतं.
अख्खं घर आरशातलं काढलं होतं मी,
आणि सव्वीस दिवस हाताला पत्ता नाही.

पांढऱ्या रंगाचा डबा उघडायला वाकले
तर म्हणाले, "राहू दे.
प्लेट उलटीच असते.
कागदावर दाबली की सरळ येतं सगळं."
कुठल्या कागदावर, ते सांगितलं नाही.
तेवढ्यात आईने फोन ओढला,
"अन् तू कथा शेस यामा?"
मी गाद्यांच्या वळकटीमागे बोट दाखवलं.
तिथे काही काढलेलं नव्हतं.
"हं," म्हणाली, "दिसनी."

मार्चमध्ये नवा पासपोर्ट आला, दुसऱ्या रंगाचा.
जुना परत मिळाला, कोपरा कापून.
आप्पांना सांगितलं.
थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग म्हणाले, "नंबर वाच.
बघतो, कुणाच्या शिफ्टचा."
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली त्यांना,
घरात कसलं रजिस्टर नाही,
कॅलेंडरची मागची बाजू तेवढी असेल.
मी वाचला.
पेन्सिल सरकल्याचा आवाज आला, थांबला.
"पुन्हा वाच," म्हणाले,
"सावकाश.
मधला एक आकडा तुटला."